शितावरून भात

ट्रॉयचा साखरपुडा झाला ते दोन हजार साल. साखरपुड्याचा केक संपतो न संपतो तोच कंपनीने सांगितलं, जानेवारीपासून कुवेतला जा. त्याच्या बापाला, जोकिमला, ते नावच नको होतं. नव्वद साली लढाईच्या तोंडावर याच कुवेतमधून तो बायकोला आणि दोन्ही पोरांना घेऊन अंगावरच्या कपड्यांनिशी पळाला होता. वाळवंटात ट्रॉय पाण्यासाठी रडला, ते रडणं अबुधाबीत इतकी वर्षं काढूनही बापाच्या कानातून गेलं नव्हतं.

आता अमेरिकेत नवा अध्यक्ष निवडायचा होता. त्या लढाईच्या वेळच्या अध्यक्षाचा मुलगाच उभा होता. तो आला की पुन्हा लढाई, असं जोकिमच्या मनाने घेतलं.

धाकटी लॉरा तिकडे एका कॉलेजच्या गावात शिकत होती. तिथे तालुक्याला काउंटी म्हणतात. आपल्या काउंटीने आजवर अध्यक्षाला मतं कशी दिली, हाच तिचा अभ्यास. ब्याण्णवला आणि शहाण्णवला काउंटी ज्याच्याकडे गेली तोच जिंकला. जोकिमने तेवढंच धरून ठेवलं. वसईला त्यांच्या चर्चच्या अंगणात जो ठरे, तोच निवडून येई.

"शितावरून भाताची परीक्षा," तो फोनवर म्हणाला.

लॉरा हसली. "पप्पा, हे शीत दुसऱ्याच हंडीतलं आहे. इथे सगळे स्टुडंट्स आणि प्रोफेसर्स. ऐंशीला, चौऱ्याऐंशीला अख्खा देश एकीकडे, आणि आम्ही दुसरीकडे. डोन्ट बी सो स्केअर्ड!"

नोव्हेंबरात काउंटीने नेहमीचंच, म्हणजे त्या मुलाच्या विरुद्ध, मत दिलं. पण देशाचा निकाल काही लागेना. फेरमोजणी, मग कोर्ट. इकडे ट्रॉयची कंपनी उत्तर मागत होती.

"निकाल लागला की लगेच मला फोन कर," त्याने लॉराला बजावलं. "टीव्हीवाल्यांचं खरं नाही. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी ट्रॉयला जा म्हणणार नाही."

"तिकडे बर्फ पडलाय म्हणे," त्याची बायको अ‍ॅलिस बाजूने म्हणाली. "जपून राहा म्हणावं तिला."

"बर्फाचं काय घेऊन बसलीस! ती देवाच्या मांडीवर आहे. आगीत चाललाय तो तुझा मुलगा."

तेरा डिसेंबरला सकाळपासून त्याने टीव्ही लावलाच नव्हता. दुपारी फोन वाजला. हॅलोसुद्धा न म्हणता त्याने विचारलं, "कोण आला गं?"

पलीकडे लॉराच्या खोलीतली मैत्रीण होती. ती रडत होती.

ट्रॉय कुवेतला गेला. पुढे लढाईही झाली. त्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

लॉरा वारली. बारा डिसेंबर दोन हजारच्या रात्री, निकाल ऐकताच, पप्पांना फोन करायचं कार्ड दुकानातून आणायला निघाली असताना, बर्फावरून गाडी घसरून.