चपल्याची गिटार

हिमांशूने शेवटची तार पिळली, छेडून पाहिली आणि खूश होऊन मान हलवली. शारदेच्या मंडपात गाव जमलं होतं. बायकांनी नुकताच सडा घातला होता, त्यामुळे मूर्तीपुढची जमीन अजून काळी आणि ओली होती. पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर म्हातारा बिसराम बसला होता. हिमांशूने त्याला कामठ्याहून मोटरसायकलवर बसवून मानाने आणलं होतं, कारण ही गिटार एकेकाळी त्याची होती.

गिटार जुनी, लाल रंगाची, विजेवर चालणारी. गोंदियातल्या एका दुकानात ती मोडक्या हार्मोनियमांमागे धूळ खात पडली होती, आणि तिच्यासोबत पत्र्याच्या पेटीतला तितकाच जुना ॲम्प्लिफायर. हिमांशूने दोन्ही उचलून आणले आणि मग त्याला दुसरं काही सुचेना. गंजक्या तारा काढून नव्या घातल्या. वाकलेली मान हळूहळू सरळ केली, खरखरणारी बटणं साफ केली, लाकडाला पॉलिश केलं. मागच्या बाजूला खिळ्याने कोरलेलं नाव तेवढं राहू दिलं, ‘बिसराम, कामठा’. भाड्याच्या खोलीत स्लीपर घालून तो उभ्याउभ्या तासन् तास वाजवायचा. तारांना बोटं लागली की अंगात बारीक मुंग्या यायच्या. वेड्याला वाटायचं, सुख म्हणतात ते हेच.

ते सुख नव्हतं. त्या पत्र्याच्या पेटीत करंट उतरायचा आणि वायरमधून थेट गिटारच्या तारांत यायचा. बिसरामच्या काळातच मिस्त्रींनी त्यापुढे हात टेकले होते. पायात रबर असलं तर नुसत्या मुंग्या. अनवाणी पाय ओल्या जमिनीवर पडले तर माणूस तारांना चिकटून राहणार. झाडीपट्टीच्या नाटकांमध्ये बिसराम कित्येक वर्षं ही गिटार वाजवत फिरला, तो रबरी चप्पल घालूनच. मंडपात ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती.

खरं म्हणजे आणखी एकाला माहीत असायला हवी होती. हिमांशूचा बाप बकाराम तेव्हा शारदा मंडळाचा तरणाबांड अध्यक्ष होता. याच मंडपात, याच जागी बिसराम चप्पल घालून वाजवायला उभा राहिला आणि बकारामचं डोकं फिरलं. बिसराम हात जोडून त्याला हळूच सांगत होता की गिटार करंट मारते. बकारामने ऐकून घेतलं, देवीच्या दारात कसला करंट म्हणाला, आणि बिसरामच्याच पायातली चप्पल काढून त्याच्या तोंडावर हाणली. एकदा नाही, दोनदा. गाव हसलं. त्या दिवसापासून बिसरामचा चपल्या झाला. नाटक कंपन्यांनी त्याला बोलावणं बंद केलं. मुलीची, चंदाची सोयरीक जमवायला गेला तर तिथेही कुणीतरी विचारलं, तो चपल्या तुम्हीच का. घरी येऊन त्याने गिटार पेटीसकट विकून टाकली.

तरीही आज तो आला होता. हिमांशू कामठ्याला शोधत आला, पाया पडला आणि कुणाचा पोरगा ते न लपवता सांगितलं. गावातली ती जुनी गोष्ट त्या पोराच्या कानावर कधी गेलीच नव्हती. त्यात त्याचा काय दोष? पोराला करंटचं तेवढं सांगायचं आणि परत जायचं, असं बिसरामने रस्ताभर ठरवलं होतं. मंडपात पोचल्यावर तो सांगणारही होता. तेवढ्यात बकारामने माइक हातात घेतला.

बकाराम आता पिकला होता, पण आवाज तोच होता. पोराचं कौतुक झालं. मग त्याची नजर पहिल्या रांगेवर गेली. हे आपले जुने कलाकार, तो म्हणाला, देवीसमोर कसं उभं राहायचं ते यांना मीच शिकवलं होतं, आठवते ना? मागच्या म्हाताऱ्यांमधून कुणीतरी ‘चपल्या’ म्हणालं. मंडप खदखदून हसला. लहान पोरंही हसली, त्यांना काही ठाऊक नसताना. बिसराम खाली मान घालून बसून राहिला. एवढ्या वर्षांत त्याने बकारामकडून एका शब्दाची अपेक्षा केली होती, आणि मिळालं हे.

बकारामने हाताने इशारा केला. पोराने चप्पल काढावी, मग देवीपुढे यावं.

हिमांशू थबकला. बाप काय बोलला ते त्याला नीट कळलं नव्हतं, पण दुकानदाराने सांगितलेली एक गोष्ट त्याच्या लक्षात होती. तो बिसरामच्या खुर्चीपाशी आला, वाकला आणि अगदी आदराने विचारलं.

“काकाजी, दुकानवाला सांगत होता, तुमी चप्पल घालूनच वाजवत होते म्हणून. काऊन जी?”

पोराचे डोळे स्वच्छ होते. बिसरामने ते पाहिले. मग त्याने त्या डोळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या बकारामकडे पाहिलं. बकाराम अजून हसत होता.

“माजलो होतो, बेटा,” बिसराम म्हणाला. “तुया बाप बराबर सांगून रायला. काढ चप्पल.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा सुधारला, असं कुणीतरी म्हणालं. हिमांशूने चपला काढून बाजूला नीट ठेवल्या, ओल्या जमिनीवरून चालत देवीपुढे गेला, गिटार गळ्यात अडकवली आणि ॲम्प्लिफायरचं बटण दाबायला वाकला.

बिसरामने आपले दोन्ही पाय जमिनीवरून उचलले आणि खुर्चीत मांडी घातली.