कुंडामागचा पंप

देवळातलं कुंड दुष्काळातही आटत नाही, तळाशी देवीचा वास आहे, असं सगळे सांगत. पंप दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीला मात्र ते कधीच पटलं नव्हतं. त्यामुळे पुजारीबुवांनी गुपचूप बोलावून कुंडामागे झाकलेला बंद पडलेला पंप दाखवला, तेव्हा त्याला चोर रंगेहाथ पकडल्यासारखं वाटलं.

"म्हणजे आमच्या नळाचं पाणी ओढून कुंड भरता तर!"

बुवांनी त्याच्या हातात पाना दिला. पंप दुरुस्त करून, सुरू करून मेस्त्री तणतणत पाइपाच्या मागोमाग गेला. पाइप भिंतीपलीकडे त्याच्याच वस्तीच्या टाकीवर चढला होता, आणि कुंडातलं पाणी टाकीत धो धो पडत होतं.


"कुठे बोलू नका हं," मागून आलेले बुवा म्हणाले, "तीर्थ आहे हे कळलं, तर कपडे धुवायला कुणी धजणार नाही."