शिवलेला गळा

लोशाने आपल्या मेलेल्या पाश्कूमावशीचा उईपील, डोक्यावरून घालायचा हातविणीचा झगा, प्रदर्शनाच्या भिंतीवर ताणून लावला होता. त्याचा गळा तिने लाल दोऱ्याने शिवून टाकला होता.

ते पाहून आई भडकली. "पाश्कूने मातीत जाताना घालायला विणलेला हा. तू दडवून ठेवलास, म्हणून तिला जुन्या फाटक्यात पुरलं. आता डोकं कुठून काढील ती?"

"आई, ही कला आहे. बाईचा दाबलेला आवाज आहे हा."

"दाबला कुणी गं? तूच ना, भवाने?" आई तरातरा निघून गेली.

दालनात लोशा एकटी उरली. तेवढ्यात कापडातून दोरा ओढल्यासारखं वाजलं. सर्र. गळ्याचा एक टाका उसवला होता. ती बघत असतानाच पुढचा उसवला, मग त्याच्या पुढचा. शेवटी गळा सताड उघडा पडला. लाल दोरा मात्र कुठेच दिसेना.

"थेरं नुसती," ती पुटपुटली. पाहुणे यायची वेळ झाली होती. मागच्या खोलीत जाऊन तिने स्वतःचा नवा उईपील डोक्यावरून ओढला.

डोकं आत गेलं, पण बाहेर येईना. चाचपडताना बोटांना गळ्याऐवजी टाके लागले.

आणि अगदी कानाशी, सावकाश, कुणीतरी दोरा ओढला. सर्र.