तीन पाण्यांतून काढलेली फळं

लॅबमधल्या मुलीने डबा उघडला आणि तिला हसूच आलं. मऊ कापडावर स्ट्रॉबेऱ्या ओळीने मांडलेल्या. एकीवरही मातीचा कण नाही, देठसुद्धा कात्रीने सारखे केलेले.

"काकू, ही फळं धुतलीत?"

"म्हणजे काय! चांगली तीन पाण्यांतून काढलीत," काकू म्हणाल्या. "परक्याकडे फळ द्यायचं तर तसंच देतात का?"

शेजारी बसलेल्या काकांनी कपाळाला हात लावला. "हिचं हे असं आहे बघ. उद्या रोपं उपटून मुळंही धुवायला घेईल."

मुलीने समजावलं. फळावर फवारलेलं औषध किती उरलंय, तेच तर बघायचं असतं. बाजारात जातात तशी, धुळीसकट हवीत.

"चालवून घे ना गं बाळ," काका अजिजीने म्हणाले. "फळं तर आमच्याच पॉलिहाऊसमधली आहेत." तपासणीत चांगली निघाली तर जवळची एक बालवाडी अख्ख्या हंगामाची फळं त्यांच्याकडूनच घेणार होती. या वयात पहाटे उठून बाजारात जाऊन बसणं एकदाचं सुटलं असतं.

"मी चालवून घेईन हो काका, पण धुऊन खातंय कोण? माझा मुलगा घर येईपर्यंत थांबत नाही, गाडीवरच अर्धा डबा फस्त करतो. संध्याकाळपर्यंत न धुतलेली आणून द्या, मी आजच घेते."

काकूंचा चेहरा उतरला. डबा उचलून त्या तडक बाहेर आल्या आणि पायऱ्यांवर बसल्या. काका मागोमाग येऊन टेकले. बायकोपासून काही लपवणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं, आताही जमेना.

"अगं, चिडू नकोस. पानांवर लाल कोळीची कीड दिसली म्हणून मी परवा पुन्हा औषध मारलं. तू नको म्हणाली होतीस तरी."

"ठाऊक आहे. तुमच्या शर्टाला वास येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय उपयोग? तुम्ही मारून मोकळे झाला होतात. म्हणून तर धुतली."

काकांच्या आत्ता लक्षात आलं. म्हणजे ही स्वच्छतेची हौस नव्हतीच. आपली चूक ही बाई गुपचूप धूत बसली होती. हसावं की रडावं त्यांना कळेना. माया दाटून आली, तेव्हा काहीतरी करायचं म्हणून त्यांनी डब्यातली एक स्ट्रॉबेरी उचलली.

काकूंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"अगं, तीन पाण्यांतून काढलीस ना?"

"काढलीय. पण तुम्ही नका खाऊ."

बोलून गेल्यावर त्या स्वतःच दचकल्या. मग काकांनी खिशातून फोन काढला आणि बालवाडीच्या बाईंना लावला.

"बाई, आमच्या फळांची वाट बघू नका."

पलीकडून कारण विचारलं असावं. काकांनी बायकोच्या हातातल्या लालचुटूक फळाकडे पाहिलं.

"नाही हो, दिसायला फार छान आहेत. पण आमच्या घरातच खाऊ देत नाहीत."