सात बापांची अट

किर्गिझस्तानातल्या नारिन शहराजवळच्या आमच्या गावाच्या विकीवर, म्हणजे गावकऱ्यांनीच लिहायच्या संकेतस्थळावर, खातं उघडायचं, तर बापापासून मागे सात पिढ्यांची नावं लिहावी लागतात. ही अट मीच घातली. किर्गिझ माणसाला ती तोंडपाठ असतात, जाहिराती चिकटवणाऱ्या हलकटांना नसतात.

तरी गेले नऊ दिवस कोणीतरी मुखपृष्ठ पुसून एकच ओळ लिहीत होतं: ‘मला घरात घ्या.’ मी खातं बंद केलं, की मिनिटभरात नवं खातं आणि तीच ओळ.

“अहो, गावातलाच कोणी टवाळ असणार,” चहा ओतत माझी बायको जिपार म्हणाली. “त्यानं लिहिलेली नावं बघा ना. बाप सापडला की उपटा दोघांचे कान!”

मी नावं उघडली आणि शेवटाकडून वाचू लागलो. सगळी माझ्याच घराण्यातली. तिसरे माझे आजोबा, दुसरे माझे वडील. पहिलं, बापाच्या जागी, तेमिरकुल. म्हणजे मी.

लग्नाला बावीस वर्षं झाली. आम्हाला मूल नाही.

दातओठ खात मी तेही खातं बंद केलं. मुखपृष्ठ लगेच बदललं: ‘बाप हाकलतोय. आई, तू तरी कडी काढ.’

जिपारची स्क्रीनकडे पाठ होती.

“आले रे राजा,” म्हणत तिनं किटली खाली ठेवली आणि ती दाराकडे निघाली.