गजेंद्रचे निरोप

"आज एकदम बारा?" फोन लॅपटॉपला जोडत यास्मीनने विचारलं. "बारा निरोप पाठवायले टाइम भेटते त्याले. यायलेच नाही भेटत."

काउंटरपलीकडच्या स्टुलावर पुंजाजी बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कर पोरी लवकर," ते म्हणाले.

यास्मीनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बडनेऱ्याच्या स्टेशन रोडवर होतं. पुंजाजी रेल्वेत गँगमन होते, निवृत्त होऊन नव्या वस्तीत राहत. गेल्या दिवाळीपासून दर शनिवारी दुपारी ते दुकानात यायचे. त्यांचा मुलगा गजेंद्र पुण्याला कंपनीत होता. तो व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवायचा. त्याच्या आईला, मैनाबाईला, दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. टचचा फोन तिला वापरता येईना, म्हणून पुंजाजींनी मेमरी कार्डवर चालणारा बटणांचा छोटा स्पीकर आणला होता. तो फक्त एमपीथ्री वाजवायचा. व्हॉट्सअ‍ॅपची फाइल घातली की मुका.

पहिल्या वेळी यास्मीनने सगळ्या फायली एमपीथ्री करून दिल्या, तरी एकही वाजली नाही. पुंजाजी दुसऱ्याच दिवशी परत आले. "कालपासून बटन दाबून राहिली थे," इतकंच म्हणाले. फायलींची नावं मराठीत होती आणि स्पीकरच्या त्या डबीला ती वाचता येत नव्हती. यास्मीनने नावांच्या जागी आकडे टाकले, बिटरेट उतरवून फायली हलक्या केल्या, कार्ड स्वतः घालून पाहिलं. वाजलं. तेव्हापासून हे काम तिचंच झालं होतं.

निरोप ती ऐकत नसे. परक्याच्या घरातलं बोलणं. फाइल नीट झाली की नाही हे कळण्यापुरता प्रत्येकाचा पहिला शब्द ऐकायचा आणि पुढे जायचं. तेवढ्यावरूनही एकदा ती म्हणाली होती, "आवाज अगदी तुमच्यासारखा हाय काका."

"फोनवर सगळेच फसतात," पुंजाजी म्हणाले होते. "रक्त हाय शेवटी."

आज सातवा निरोप तपासताना दुकानात गिऱ्हाईक आलं. तिने त्याला चार्जर काढून दिला, आणि तोवर निरोप पुढे चालतच राहिला.

"माय, औषध टायमावर घेजो. सुई टोचली तर घाबरजो नको. मले यंदा बी सुट्टी भेटून नाही राहिली. भेटली की येतोच."

यास्मीनने निरोप थांबवला.

"कोणती सुई, काका?"

पुंजाजींनी टोपी उलटीसुलटी केली. "किडन्या गेल्या तिच्या. आज अमरावतीले भरती कराचं हाय. तिथं आयकायले पाह्यजेत म्हणून बारा."

"याले माहीत हाय हे? आणि तरी सुट्टीचं सांगून राहिला?"

"त्याच्या हातात नाही, पोरी."

"काहून नाही? कोणाच्या हातात हाय मग?"



यास्मीनला आपला भाऊ आठवला. चार वर्षांपूर्वी तिचे अब्बा अकोल्याला दवाखान्यात होते. भाऊ दुबईला. रोज त्याचा मेसेज यायचा, टिकट पाहून राहिलो. अब्बा प्रत्येक वेळी दाराकडे पाहायचे. शेवटी भावाने जनाजा व्हिडिओ कॉलवर पाहिला आणि नेटवर्क खराब आहे म्हणून मध्येच कट केला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला तर ती हो किंवा नाही इतकंच म्हणायची.

"काकू काय म्हणतात?" तिने विचारलं.

"म्हणते, पोरगं कामात हाय. टिंग वाजली की हातातला घास तसाच धरते. एकेक निरोप पन्नास पन्नास वेळा आयकते. जवळची बाई आली की तिलेही आयकवते."

"आणि हा साधा फोन नाही करत. दोन मिनिटं आईसंग बोललं तर काय झिजते याचं?"

"बोलणं झालं तर थे इचारन," पुंजाजी हळू म्हणाले. "मंग सांगा लागते."

"लागू द्या ना. तोंड लपवून कितीक दिवस बोलन?"

राहिलेले पाच निरोप तिने बदलले. एक ते बारा आकडे टाकले, कार्ड डबीत घालून पहिला वाजवून पाहिला आणि डबी काउंटरवर ठेवली. पुंजाजींनी हात पुढे केला, पण तिने डबी सोडली नाही. लॅपटॉपला जोडलेल्या त्यांच्या फोनवर गजेंद्रचं चॅट अजून उघडंच होतं. तिने वरचा नंबर आपल्या मोबाइलवर टाकला.

"काय करून राहिली?" पुंजाजी उठले.

"तुमी बाप हाव, तुमाले नाही होत. मी परकी हावो, मले होते. तुझी माय सलाईनवर चालली, डबीतून काय बोलतं, असं इचारते त्याले."

"राहू दे, पोरी. तुह्या पाया पडतो."

"पाया त्यानं पडाचं हाय, तुमी नाही."

तिने नंबर लावला.

घंटी दुकानातच वाजली.

यास्मीनने आधी काउंटरवर पाहिलं, मग दुरुस्तीला आलेल्या फोनांच्या ट्रेमध्ये. घंटी वाजतच होती. पुंजाजींनी घाईघाईने कापडी पिशवीत हात घातला. औषधाच्या चिठ्ठ्या, चादर, डबा बाजूला सारत त्यांनी एक फोन बाहेर काढला. त्याची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलेली होती, मागची बाजू चेपून आत गेली होती. पडद्यावर यास्मीनचा नंबर होता. त्यांच्या अंगठ्याला त्या काचेवर बटण सापडेना.

"बंद कर, पोरी," पुंजाजी म्हणाले. "मैना बाहेर ऑटोत बसली हाय. तिले तिच्या पोराची घंटी समजते."