बिजलीचा उस्ताद

तिसरी शर्यत सुटायची होती. दोराजवळ माणसांची झिम्मड उडाली होती, पण जमुनाची नजर घोड्यांवर नव्हती. ती घोडे धरून उभ्या असलेल्या माणसांची तोंडं पाहत होती.

“दिसला काय?” पुंजाराममामांनी विचारलं.

“नाही.”

पुंजाराममामा तिच्या आईचे चुलतभाऊ. सत्तरी उलटलेले, वलगावच्या जातपंचायतीत बसणारे. जमुनाच्या नवऱ्याला त्यांनी लग्नात एकदाच पाहिलं होतं, तेही मुंडावळ्यांआडून. शर्यतीचा त्यांना नाद नव्हता. पण जमुनानं चार दिवस पिच्छा पुरवला, “मामा, तुमीच संगं पाह्यजे,” म्हणून. शेवटी ते छकड्यात बसले.

छकडा भगवंताचा. तिच्या शेजारच्या मळ्यातला हा माळी, दोन वर्षांपूर्वी बायको वारलेला. मैदानावर टरबुजं विकायला तो येणारच होता. वलगावपासून अमरावतीपर्यंत तो एक शब्द बोलला नव्हता.

होळी होऊन आठवडा झाला होता. दूर कुठल्याशा मुलखात लढाई पेटून तिकडचा कापूस अडला होता म्हणे, आणि तेव्हापासून मुंबईचे व्यापारी वऱ्हाडच्या कापसावर तुटून पडले होते. अमरावतीचं रूपच पालटलं होतं. भेगाळलेली काळी जमीन पाणी मारून, दाबून साहेबांनी मैदान केलं होतं. पांढरे तंबू, पलटणीचा बँड, रंगीत छत्र्या घेतलेल्या मडमा, जरीच्या पगड्या घातलेले शेठ. खेड्यापाड्यांतून लोक लोटले होते आणि जो तो कोणाच्या ना कोणाच्या सोबतीनं आला होता. नवरे बायकांना बोटानं घोडे दाखवत होते.

जमुनाला गर्दीची सवय राहिली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा वामनराव दर्यापूरच्या बाजाराला जातो म्हणून निघाला आणि घोडेवाल्यांच्या तांड्यासोबत नाहीसा झाला. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. सासरच्यांनी तिला वलगावला, माहेरी आणून सोडलं. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की ती कामाचं निमित्त काढी, कारण बायका नवऱ्याचं विचारत. विधवांमध्ये जाऊन बसावं, तर त्या म्हणत, तुझं कुंकू शाबूत आहे, तू इथं कशाला? आईबाप गेल्यावर ती एकटीपुरतं रांधी आणि भिंतीकडे तोंड करून जेवी.

गेल्या महिन्यात अकोल्याच्या एका गाडीवानानं सांगितलं, की तिथल्या एका शेठच्या पागेत वामनराव नावाचा दर्यापूरकडचा माणूस आहे. घोडी तयार करतो. शर्यतीला येणार आहे.

शर्यत सुटली. पायाखालची जमीन हादरली. एक काळी घोडी सगळ्यांना मागे टाकून निघाली आणि लोक “बिजली, बिजली” करू लागले. शेठनं स्वतः पुढे होऊन घोडीच्या गळ्यात हार घातला. दुसरा हार त्यानं लगाम धरून उभ्या असलेल्या एका दाढीवाल्याला घातला. अंगात मखमली बंडी, डोक्याला लाल फेटा. सगळे त्याला उस्ताद म्हणत होते. मडमांनीसुद्धा त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

घोडीला घेऊन तो तंबूंच्या मागे गेला.

“त्याले इचारू,” जमुना म्हणाली आणि चालू लागली. मामा धापा टाकत मागोमाग आले.

मागे सावलीत सतरंजीवर एक तरणी बाई बसली होती. मांडीवर लेकरू झोपलं होतं. उस्तादानं गळ्यातला हार काढून तिच्याजवळ ठेवला आणि घोडीचं अंग पुसायला घेतलं. जमुना समोर येऊन थांबली, तसा त्याचा हात थबकला. मग पुन्हा फिरू लागला.

“किसको ढूंढते हो?” त्यानं मामांना विचारलं.

“वामनराव म्हनून कोनी हाये काय इथं? दर्यापूरकडचा. हे त्याची बायको हाये.”

सतरंजीवरच्या बाईनं मान वर केली.

मग जमुनाच बोलली. “लोकं म्हनतात, ते गेले. खरं काय ते तुमाले ठाऊक असन. घोडेवाल्याईले एकमेकाची खबर राह्यते.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. पलीकडे बँड वाजत होता.

“हो,” तो म्हणाला. हिंदी सुटली होती. “खरं हाये. आठ वर्षं झाले. जालन्याले पटकी आल्ती, त्यात गेला.”

“तुमी पाह्यलं?” मामांनी विचारलं.

“मीच जाळलं त्याले. ह्या हातानं.”

“मरताना काही बोलले?” जमुनानं विचारलं.

तो घोडीची पाठ पुसू लागला. “म्हने, घरी बायको हाये. तिचा काही गुन्हा नवता.”

जमुनानं पदराचा शेव घेऊन कपाळ पुसलं. बाजूच्या खुंट्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या. मग ती रडली. अकरा वर्षांत लोकांसमोर ती एकदाही रडली नव्हती. उस्तादानं तोंड फिरवलं.

छकड्याजवळ येताच मामांनी सांगून टाकलं. “भगवंता, गाडीवानाची खबर खोटी. हिचा नवरा आठ वर्षांमांगंच मेला. जाळनाऱ्याच्या तोंडून आयकलं मी. उद्या पंचाईत बसवतो. पोरगी दुसऱ्या लग्नाले मोकळी झाली.” आणि ते पाणी प्यायला हौदाकडे गेले.

भगवंत बैल जुंपत होता. मामा लांब गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, “सांगनारा मानूस भरोशाचा हाये ना? उद्या कोनी येऊन म्हनलं का तो जित्ता हाये, त आपला पाट लागनार नाही.”

“कोनी नाही येत.”

“काहून? कोन होता तो?”

जमुना छकड्यात चढून बसली. पदर सारखा केला.

“वामनराव,” ती म्हणाली.